शॉवरच्या कोपऱ्यातली बुरशी जात नाही? आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, इमारत बारा वर्षं जुनी. बाथरूम साडेचार बाय सात फुटांचं, भिंतींना पांढऱ्या टाइल्स, जोडांत व्हाइट सिमेंट. शॉवरखालच्या कोपऱ्यातले जोड काळे पडतात, सिलिकॉनच्या पट्टीत काळे ठिपके आहेत आणि वर छताच्या कोपऱ्यात राखाडी डाग धरलाय. दर महिन्याला ॲसिडने घासलं की पांढरं होतं, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा काळं. एक्झॉस्ट फॅन आहे. घरात चार माणसं. तिघांची आंघोळ सकाळी, मुलाची रात्री जिमवरून आल्यावर. तुम्ही विचारलंय की यापेक्षा जालीम केमिकल कोणतं, की सरळ सगळ्या जोडांत इपॉक्सी (दोन भाग मिसळून भरायचा, पाणी न शोषणारा कडक माल) भरून टाकावं?

केमिकलचं पुढे सांगतो, पण अडचण केमिकलची नाही. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, ते कुणालाच थांबवता येत नाहीत. तिला खायला साबणाचा थर आणि अंगाचा मळ पुरतो, तोही बाथरूममध्ये रोज येणारच. ऊबही आहेच. तुमच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे भिंत दिवसाचे किती तास ओली राहते. तुमच्याकडे सकाळी सहा ते नऊ तीन आंघोळी आणि रात्री दहाला चौथी. पावसाळ्यात सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत नीट वाळत नाही, तोवर रात्रीचं येतं. म्हणजे तो कोपरा चोवीस तासांत जवळजवळ कोरडा होतच नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जातच राहिला तर वरची बुरशी काढून टाकण्याला काही अर्थ नसतो, तसं हे आहे.

आता ॲसिड. व्हाइट सिमेंट हा चुनखडीच्या कुळातला माल आहे. त्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे मळ निघत नसून जोडच विरघळत असतो. वरचा काळा थर खालच्या सिमेंटसकट निघून जातो म्हणून पांढरं दिसतं. महिनोन्महिने असं केलं की जोड टाइलच्या पातळीच्या खाली जातो, खरखरीत होतो, त्यात बारीक छिद्रं पडतात. मग पाणी आणि साबण तिथेच अडकतात आणि बुरशी दर वेळी आधीपेक्षा लवकर येते. तुमचा पंधरा दिवसांचा हिशेब तिथूनच आलेला असण्याची शक्यता मोठी आहे. नखाने पाहा: जोडावरून नख फिरवलं आणि ते टाइलच्या कडेला अडकून खाली उतरलं, बोटाला पांढरी पूड लागली, तर जोड खाल्ला गेलाय. टॉयलेट धुवायच्या ज्या निळ्या-हिरव्या बाटल्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच हायड्रोक्लोरिक ॲसिडच्याच असतात, त्यामुळे 'ॲसिड नाही, क्लीनर वापरतो' असं म्हणून सुटका नाही.

तुम्ही तीन ठिकाणं सांगितलीत आणि तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात, म्हणून त्यांना एकच औषध लावू नका. खालचे जोड हा साबण आणि साचलेल्या पाण्याचा मामला. सिलिकॉनची बुरशी पट्टीच्या आत शिरलेली असते, ती धुऊन जात नाही. छताचा कोपरा मात्र जरा संशयाचा आहे. तो वाफेचा असेल किंवा वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपत असेल, आणि फोटो पाहून हे छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. (कोपऱ्यात किंवा बादलीखाली गुलाबीसर चिकट थर येत असेल तर ती बुरशी नसून जिवाणू असतात. डिटर्जंट आणि ब्रशने निघतात, त्यांची फार चिंता नको.)

नाशिकच्या हवेत याची एक सोपी कसोटी आहे: एप्रिल-मे आठवा. त्या दिवसांत आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की आंघोळीनंतर तास-दोन तासांत बाथरूम खडखडीत वाळतं. उन्हाळ्यात डाग थांबले होते किंवा फिके पडले होते, आणि जुलैपासून वाढले, तर मूळ हवेतल्या ओलीत आहे. डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा दहाच्या आसपास असताना, कढत पाण्याच्या आंघोळींनी छताचा डाग वाढत असेल तर ती वाफ. पण भर मे महिन्यातही डाग तसाच ओलसर होता, पिवळट-तपकिरी कडा होती, लोणा फुटून पांढरी पूड येत होती, तर कुठून तरी पाणी येतंय. त्यावर कितीही बुरशीनाशक मारा, पैसे वाया.

आठवत नसेल तर प्लास्टिकची चाचणी करा. छताच्या डागालगतची जागा कोरड्या फडक्याने पुसून फूटभर जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे बाथरूमकडच्या बाजूला आले तर वाफ. आत, छत आणि प्लास्टिकच्या मध्ये आले तर छत ओलं आहे. पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते, म्हणून ही चाचणी दोनदा केलेली बरी. पीव्हीसीची फॉल्स सीलिंग असेल तर चाचणीच्या भानगडीत न पडता एक पट्टी काढून टॉर्चने वर पाहा. स्लॅबवर पांढरे ओघळ किंवा पाइपच्या जोडाला थेंब दिसले की उत्तर मिळालं.

वरून गळती वाटत असेल तर वरच्या मंडळींना एक विनंती करायची: नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबून बाथरूमच्या फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास साठवून ठेवायचं, पाण्याच्या पातळीला भिंतीवर चिकटपट्टीची खूण करायची. खालचा डाग भिजला तर त्यांच्या फरशीचं किंवा ट्रॅपभोवतीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पाणी साठवूनही काही झालं नाही तर भिंतीतल्या पाइपची पाळी. प्लंबर सगळे कॉक बंद करून हातपंपाने लाइनमध्ये पाच किलोपर्यंत प्रेशर भरतो आणि अर्धा तास काटा पाहतो. जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) लाइन असेल तर तो प्रेशर कमीच ठेवेल आणि ते बरोबरच आहे. काटा उतरला म्हणजे गळती आहे. डक्टमधला (इमारतीत पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतला) बाहेरचा सामाईक ड्रेनेज पाइप फुटून भिंत ओली होत असेल तर तो खर्च सोसायटीचा, दोन फ्लॅटमधल्या बाथरूमचा असेल तर दोघांनी बसून मिटवायचा. इथे शेजारसंबंध फार कामाला येतात, एवढंच सांगतो.

तुमच्या स्वतःच्या भिंतीसाठी दोन गोष्टी बघा. टाइल्सवर रुपयाच्या नाण्याने टकटक करत जा. भरीव टाइल टणक वाजते, मागे पोकळी असलेली डबडब वाजते. शॉवरखाली दोन-चार टाइल्स डबडब वाजल्या तर मागे पाणी साठत असण्याची शक्यता आहे, आणि मग ते जोडांतून हळूहळू बाहेर पाझरत राहतं. दुसरं म्हणजे शॉवर. बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थेंब पडणं साहजिक आहे, पाइपातलं उरलेलं पाणी असतं ते. पण रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावरही टिपटिप चालू असेल तर डायव्हर्टरचं (पाणी शॉवरकडे की नळाकडे हे ठरवणाऱ्या कॉकचं) आतलं कार्ट्रिज बदला. कोपरा रात्रभर ओला ठेवायला तेवढी टिपटिप पुरते.

गळती नाही असं ठरलं की पुढचं काम वाळवण्याचं. यात एक्झॉस्ट फॅनबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

'फॅन आहे' याचा अर्थ हवा बाहेर जाते असा नसतो. आपल्याकडे फॅन बहुतेक वेळा काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतच, दोन पट्ट्या काढून बसवलेला असतो. फॅन चालू केला की तो शेजारच्या उघड्या पट्ट्यांमधूनच हवा ओढतो आणि तीच बाहेर फेकतो. शॉवरच्या कोपऱ्यातली हवा जागची हलत नाही. फॅन चालू असताना त्या पट्ट्या बंद हव्यात, फटीही चिकटपट्टीने बुजवलेल्या बऱ्या. हवा यायला हवी ती दाराखालून, खोलीतून, म्हणजे ती बाथरूमभर फिरून फॅनपर्यंत जाते.

आणि दाराखाली फट लागते. सहा इंची फॅनचं तोंड साधारण 28 चौरस इंचाचं असतं. तुमचं दार अडीच फुटी, म्हणजे 30 इंच रुंद असेल तर खाली इंचभर फट ठेवली की तेवढीच जागा मिळते. पण आपल्या फ्लॅटमध्ये बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरा असतो आणि दार त्यावर घट्ट टेकतं. मग फॅन नुसता घरघरतो. यावर उपाय म्हणजे दाराच्या खालच्या भागात 12 बाय 6 इंचाची पीव्हीसीची जाळी बसवून घेणं, सुताराचं तासाभराचं काम. पट्ट्या खाली झुकलेल्या घ्या, आतलं दिसत नाही. तोवर आंघोळीनंतर दार दोन बोटं उघडं ठेवून फॅन चालू ठेवा.

फॅन खरंच ओढतो का हे उदबत्तीने कळतं. दार लावा, पट्ट्या बंद करा, फॅन चालू करा आणि पेटलेली उदबत्ती दाराखालच्या फटीशी धरा. धूर सरळ आत वळला पाहिजे. नुसता वर गेला तर फॅन कामाचा नाही. अशा वेळी बाहेरची बाजू बघा: डक्टमध्ये पारव्यांसाठी लावलेली जाळी पिसं आणि धुळीने गच्च झालेली असते, किंवा फॅनचं मागचं झाकण रंगात चिकटून बसलेलं असतं. पात्यांवरचा धुळीचा थर तर जवळपास प्रत्येक घरात. बोर्डाचं बटण बंद करून मगच पाती पुसा.

फॅन आंघोळ सुरू होताना लावायचा आणि शेवटच्या माणसानंतर 30 ते 45 मिनिटं चालू ठेवायचा. विजेची काळजी नको. 40 वॉटचा फॅन रोज एक तास चालला तरी महिन्याला सव्वा युनिटच्या आसपास. विसरायला होत असेल तर टायमरचा स्विच बसवून घ्या.

हिवाळ्यात हे किती महत्त्वाचं आहे त्याचा अंदाज घ्या. 25 अंशांची वाफेने भरलेली हवा घनमीटरला साधारण 23 ग्रॅम पाणी धरते, तीच हवा 15 अंशांच्या भिंतीला लागून थंड झाली की 13 ग्रॅमच धरू शकते. तुमचं बाथरूम साडेआठ फूट उंचीचं धरलं तर साडेसात घनमीटर होतं. म्हणजे एकदा भरलेल्या वाफेतूनच अर्धी वाटी पाणी छतावर आणि भिंतींवर बसतं, आणि ते आधी बसतं बाहेरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, कारण तोच सगळ्यात गार असतो. तुमचा छताचा डाग बाहेरच्या भिंतीकडे असेल तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त. बादलीने आंघोळ करणाऱ्यांनी आधी गार पाणी घेऊन मग त्यात गरम सोडलं तरी वाफ बरीच कमी होते.

पावसाळ्यात मात्र फॅनची मर्यादा लक्षात घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ओलीने भरलेली असते. आंघोळीच्या वेळी आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त गरम आणि ओली असते, तेव्हा फॅन उपयोगाचा. अर्ध्या-पाऊण तासाने आत-बाहेर सारखंच झालं की पुढे दिवसभर फॅन चालवून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून या चार महिन्यांत खरं काम वायपरचं. काच पुसायचा छोटा रबरी वायपर शॉवरशेजारी हुकला लटकवा. शेवटच्या माणसाने शॉवरच्या दोन्ही भिंती वरून खाली ओढायच्या, मग फरशी नहाणीकडे ओढायची, दीड मिनिटाचं काम. तुमच्याकडे हे दोनदा व्हायला हवं, सकाळी तिसऱ्या माणसानंतर आणि रात्री मुलानंतर. रात्रीचं जास्त महत्त्वाचं, आणि तेच राहून जातं. भिंतीवरचं पाणी हवेत वाळवण्यापेक्षा गटारात ढकलणं केव्हाही स्वस्त.

त्याच बरोबर पावसाळ्यात बाथरूममध्ये ओले कपडे वाळत घालणं बंद. शॅम्पूच्या बाटल्या, घासणी, पाटाखालची जागा, सगळं फरशीवरून उचलून तारेच्या रॅकवर.

फरशीचा उतारही तपासून घ्या. एक तांब्या पाणी शॉवरखाली ओता आणि पंधरा मिनिटांनी पाहा. चार फुटांत निदान बारा मिलिमीटर उतार नसेल तर डबकं राहतं, आणि बहुतेक वेळा ते भिंतीला लागून कोपऱ्यातच राहतं, कारण फरशी घालताना कोपऱ्यातली टाइल दबलेली असते. हे कुठल्याही रसायनाने सुटत नाही. तेवढ्या टाइल्स उचलून पुन्हा बसवायच्या, नाहीतर वायपर मारत राहायचं.

आता सफाई. आधी साबणाचा थर काढायचा, मग बुरशी मारायची. क्रम उलटा केला तर हायपोची (बुरशी मारणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटची, म्हणजे ब्लीचची) सगळी ताकद त्या थरातच खर्च होते. गरम पाण्यात भांडी धुवायचं लिक्विड घालून नायलॉनच्या ब्रशने जोड घासा आणि धुऊन टाका. तारेचा ब्रश नको, त्याने जोड आणखी खरवडतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर टाइलवर पांढरे क्षारही असतील. आपल्याकडचं काळ्या कातळातलं बोअरचं पाणी गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्यापेक्षा बरंच जड असतं, आणि जड पाण्यात साबणाच्या वडीचा चिकट थर जास्त बसतो. अंगाला लिक्विड सोप वापरलं तर तो थर खूप कमी होतो. क्षारांसाठी मगभर पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व, फक्त टाइलच्या चेहऱ्यावर, पाच मिनिटं. लावण्याआधी जोड साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते आंबट पाणी आत शोषलं जाणार नाही.

टाइल धुऊन दुसऱ्या दिवशी, कोरड्या जोडांवर हायपो. बाटलीवर 4 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असतं. एक भाग हायपो, चार भाग पाणी. उत्पादनाची तारीख बघून लहान बाटली घ्या, कारण हा माल उन्हाळ्यात फार लवकर उतरतो आणि वर्षभर पडलेली बाटली निव्वळ वासापुरती उरते. उभ्या जोडांवरून पाणी ओघळून जातं, म्हणून टिश्यू पेपरच्या पट्ट्या त्यात भिजवून जोडांवर चिकटवा. 10 ते 15 मिनिटं ठेवून काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा, फॅन चालू, दार उघडं. डोक्याच्या वर स्प्रे मारू नका. घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना त्या दिवशी या खोलीपासून लांब ठेवा.

हे नीट वाचा: हायपो आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही. टॉयलेट क्लीनर, लिंबूसत्त्व, व्हिनेगर, सगळं त्यात आलं. क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. अमोनियाच्या काच-क्लीनरबरोबरही नको. एका दिवशी एकच रसायन, मध्ये भरपूर पाणी.

हायपोनंतर जोड पांढरे झाले आणि रोज वायपर चालू असूनही तीन-चार आठवड्यांत परत काळे पडले, तर जोडच निकामी झालेत असं समजा. ॲसिडचा इतिहास पाहता तुमच्याकडे तसं असेलच, असा माझा कयास आहे. तेव्हा इपॉक्सी योग्य आहे. पण सगळ्या बाथरूमला नाही, आणि आत्ता तर अजिबात नाही. पावसाळ्यात जोडांच्या आतली ओल निघत नाही. ओल्या जोडावर इपॉक्सी धरत नाही, आणि वरून सील करून ओल आत कोंडली तर टाइलमागचा माल कमजोर होतो. ऑक्टोबरच्या उन्हाचा कडाका किंवा मार्च-एप्रिल, हे दिवस या कामाचे. दिवाळीच्या तोंडावर मात्र मिस्त्री हाताला लागत नाहीत, हे धरून चला.

काम असं व्हायला हवं. जुना जोड ग्राउट काढायच्या हत्याराने किंवा मल्टिटूलने टाइलच्या निम्म्या जाडीपर्यंत, म्हणजे साधारण चार मिलिमीटर, उकरायचा. जोड दोनच मिलिमीटरचे असतील तर मोठा ग्राइंडर लावू देऊ नका, टाइलच्या कडा उडतात. मग व्हॅक्यूम किंवा ब्रशने धूळ काढायची आणि बाथरूम तीन दिवस पूर्ण बंद, फॅन चालू. दुसऱ्या बाथरूमवर भागवा. शॉवरच्या दोन भिंती तीन-तीन फूट रुंद, सात फूट उंच आणि खालची नऊ चौरस फूट फरशी, मिळून 51 चौरस फूट होतात. 12 बाय 18 इंची टाइल आणि दोन मिलिमीटरचा जोड धरला तर यासाठी एक किलोचं इपॉक्सीचं पाकीट पुरून उरतं. कुणी पाच किलो सांगत असेल तर हिशेब विचारा.

इपॉक्सीचे दोन्ही भाग मिसळले की हातात अर्धा-पाऊण तास असतो, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणून एका वेळी निम्मंच पाकीट कालवायचं, दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणात वजन करून. अंदाजाने हार्डनर कमी टाकलं तर ते कायमचं चिकट राहतं. भरलेल्या भागावरचा चिकटा ओल्या स्पंजने लगेच पुसायचा. दुसऱ्या दिवशी तो टाइलवरून निघता निघत नाही. त्यानंतर निदान चोवीस तास पाणी नाही, आणि पाकिटावर जास्त लिहिलं असेल तर तेवढं.

एक जागा मात्र इपॉक्सीची नाही, ती म्हणजे भिंत-भिंत आणि भिंत-फरशीचा कोपरा. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, कडक माल भरला की केसाएवढी चीर पडते आणि पाणी आत जातं. तिथे सिलिकॉन लागतं. जुनी काळी पट्टी कटर ब्लेडने पूर्ण काढा, नव्या सिलिकॉनला जुन्यावर पकड मिळत नाही. दुकानात 'सॅनिटरी, बुरशीरोधक, न्यूट्रल' असं तिन्ही मागा. साधं स्वस्त सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते सिमेंटला आणि दगडाला नीट धरत नाही आणि त्यात बुरशीरोधक नसेल तर वर्षभरात काळं पडतं. तुमच्या कोपऱ्याला तेरा-चौदा फूट पट्टी लागेल, त्याला एक ट्यूब भरपूर. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, पट्टी ओढा, बोटाने एकदाच दाबून सरळ करा आणि वर साय धरण्याआधी, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, टेप काढा. दोन दिवस पाणी नको. बुरशीरोधक हळूहळू धुऊन जातो, त्यामुळे ही पट्टी काही वर्षांनी बदलावी लागणार, हे गृहीत धरा.

छताचं काम शेवटी, गळती नाही याची खात्री झाल्यावर. डागाच्या चारही बाजूंना अर्धा फूट जास्त घेऊन जुना रंग आणि पुट्टी पाणी शिंपडून ओली करून खरवडा. कोरडी खरवडली तर बीजाणू घरभर उडतात, एन-95 मास्क लावाच. तिथे हायपो फडक्याने फिरवून पुसून घ्या, आठवडाभर वाळू द्या, मग व्हाइट सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि बुरशीरोधक ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. पीओपी आणि डिस्टेंपर बाथरूमच्या छताला नकोच, दोन्ही ओल पितात. डागावर नुसता रंग मारून घेणाऱ्यांचा डाग पुढच्या जानेवारीत त्याच आकारात वर येतो.

म्हणजे आत्ता, पावसाळा असेपर्यंत: ॲसिड बंद, खिडकीच्या पट्ट्या बंद, दाराला जाळी, दोन वेळा वायपर, एकदा नीट हायपो, आणि छताला प्लास्टिकची चाचणी. पैसे खर्च करायचे ते ऑक्टोबरनंतर. मधल्या काळात दर आठवड्याला डिटर्जंट आणि ब्रश पुरे. हायपो फक्त ठिपका दिसला तरच.

मिस्त्री ठरवताना एकच अट आधी बोलून घ्या, की जुना जोड उकरल्यावर तुम्हाला दाखवायचा आणि मगच भरायचा. न उकरता वरून इपॉक्सीचा पातळ हात फिरवणं हा या धंद्यातला रोजचा प्रकार आहे. दोन दिवस ते चकचकीत दिसतं आणि सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. काम झाल्यावर तीन-चार जोडांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. व्हाइट सिमेंटचा जोड मिनिटभरात थेंब पितो आणि गडद होतो. इपॉक्सी भरलेल्या जोडावर थेंब तसाच बसून राहतो. शॉवरच्या नळामागचा आणि नहाणीच्या जाळीभोवतीचा जोडही असाच तपासा, तिथे हात पोचत नाही म्हणून काम सोडून दिलेलं असतं. हे पाहून झालं की मगच उरलेले पैसे द्या.